खतप्रकल्प आणि 200 मीटर: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

‘कचऱ्याच्या खतप्रकल्पाचा विस्तार बेकायदा आहे, वस्तीपासून 200 मीटर अंतर लागतं, तो झाला तर आपलंही देवनार (मुंबईची मोठी कचराभूमी) होईल,’ असा मेसेज धुराच्या फोटोसकट आसपासच्या गावांतल्या ग्रुपवर फिरतोय.

200 मीटरचा आकडा खरा आहे. पण 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत (एप्रिल 2026 पासून त्यांच्या जागी नवे नियम आले) तो लँडफिलसाठी, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेसाठी होता. त्यांची दुसरी अनुसूची काढून वाचा; खतप्रकल्पाच्या अटी तिथे वेगळ्या दिल्या होत्या. रोज 5 टनांहून जास्त कचरा हाताळणाऱ्या प्रकल्पाभोवती बफर झोन, म्हणजे बांधकाम नसलेला मोकळा पट्टा, मात्र ठेवावाच लागतो. फोटो जानेवारी 2016 च्या देवनारच्या आगीचा आहे. तिथे वर्षानुवर्षं साचलेला मिश्र कचरा जळत होता.

मेसेज चुकीचा आहे म्हणून आपल्या तक्रारी खोट्या ठरत नाहीत. ढिगाला हवा मिळाली नाही, तो वेळेवर पलटला नाही, की दुर्गंधी येणारच. खरी भीती पावसाळ्याची: कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी विहिरींकडे जाऊ शकतं. त्यासाठी ढिगाखाली काँक्रीटचा किंवा 50 सेंटीमीटर जाड, दाबलेल्या चिकणमातीचा तळ, 1 ते 2 टक्के उतार आणि भोवती अस्तर केलेली गटारं 2016 च्या नियमांतच सांगितली होती. विचारायचं ते हे. चुकीच्या नियमावर बोट ठेवलं, तर अधिकारी एका वाक्यात विषय मिटवतील.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका. आणि विहिरींचं पाणी विस्ताराआधीच तपासून अहवाल जपून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल.