तुमच्या दोन स्टारबद्दल, देवबागहून

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पाचला बोलावलं आणि होडी खाडीत मधोमध उभी, वीस मिनिटं ताटकळलो, आईला घोटाभर चिखलातून चालवलं, शेजारी होड्या पायरीलाच झाडांना बांधतात, समोरची झाडी साफ केली तर खाडी तरी दिसेल, आणि जूनमध्ये परत येतो म्हटलं तर ‘बंद’ म्हणाले. एवढं सगळं आहे त्यात.

आईंना चिखलातून चालावं लागलं ती चूक आमचीच. तुम्ही आलात त्या दिवशी अमावास्या होती. आमच्याकडे शाळकरी पोरंही हिशेब करतात, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी, म्हणजे सव्वापाचच्या सुमारास पुरी सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उधाणाची. हे आम्हाला तोंडपाठ, तरी फोनवर भाच्याने ‘पाचला या’ सांगून टाकलं, कारण सूर्यास्त सगळ्यांनाच हवा असतो. आता बुकिंगच्या वहीत तारखेशेजारी तिथी लिहितो. फेरीचे अर्धे पैसे तुमच्या नंबरवर परत पाठवले आहेत.

होडी मधोमध का, तर पूर्वी आम्हीही झाडालाच बांधायचो. वडिलांच्या वेळी घरामागच्या चिप्पीच्या झाडाला दोर असायचा. दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं, तसा दोर बुंध्यावर वरखाली घासतो. काही वर्षांत बोटभर खोल खाच पडली, भोवतालची साल गेली आणि झाड शेंड्याकडून वाळत आलं. ते वाळकं खोड अजून उभं आहे, तुम्ही टॉवेल टाकला होता तेच. तेव्हापासून नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला एक नांगर, वरामाला, म्हणजे मागच्या टोकाला एक, आणि होडी खोल पाण्यात. दोन नांगर अशासाठी की पाणी फिरलं की होडी गर्रकन वळून दुसऱ्याच्या होडीवर जाऊ नये. शेजारी काय करतात ते त्यांना विचारा, मला गावात राहायचं आहे.

झाडी साफ करण्याचं मात्र होणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये निकाल दिला, जमीन सरकारी असो वा खाजगी, कांदळवन, म्हणजे खाडीकाठची ही खाऱ्या पाण्यातली झाडी, तोडायचं नाही आणि त्याच्या चहूबाजूंनी 50 मीटरच्या आत बांधकाम करायचं नाही. तुम्ही सुचवलेला पाण्यावरचा लाकडी डेकही त्यातच आला. सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून फरक पडत नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही चिडलो होतो, मलाही डेकच हवा होता. पण देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. समुद्राच्या अंगाने जमीन किती गेली ते गावात कुणालाही विचारा. खाडीच्या अंगाची माती या मुळांनी धरून ठेवली आहे. तुम्हाला जी ‘झाडी’ वाटली ती पांढरी चिप्पी, 2020 साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालेली. फूल संध्याकाळनंतर उमलतं आणि सकाळी तंतू पाण्यावर पडलेले दिसतात. तुम्ही उठायच्या आत ते वाहून गेले होते.

जूनचं म्हणाल तर 26 मे ते 31 ऑगस्ट प्रवासी होड्या बंद, असा महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाचा नियम आहे. तेव्हा होडी शाकारून परसात असते. खाडी शांत दिसली तरी मुखाशी काय चाललेलं असतं ते आम्ही बघतो.

परत यायचं असेल तर दिवाळीनंतरची एखादी अष्टमी धरा. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सूर्यास्ताला भरती. होडी पायरीला लागेल, आईंची चप्पलही भिजणार नाही. आधी दोन दिवस फोन करा, या वेळी मी स्वतः उचलेन.