खांब कितव्या टक्क्यात?

विषय क्रमांक १४ : नगरपरिषदेच्या विविध विभागांच्या कामकाजाचा अहवाल सभागृहाच्या अवलोकनार्थ.

हा 'अवलोकनार्थ' शब्द ज्याने कुणी पहिल्यांदा विषयपत्रिकेत घातला, त्याला सभागृहाची नस बरोबर सापडलेली होती. अवलोकन करायचं, म्हणजे पाहायचं. वाचायचं असं कुणी म्हटलंय? परवाच्या सर्वसाधारण सभेत मी ४२ पानी अहवाल मांडायला उभा राहिलो आणि पाचव्या मिनिटाला, पान ९ वर, एका खांबाला धडकलो. उरलेली ३३ पानं अजून खांबाच्या पलीकडेच आहेत.

"पथदिवे," मी म्हणालो, "एकूण दिव्यांपैकी ९६ टक्के सुरू आहेत."

मागच्या बाकावरचे एक ज्येष्ठ सदस्य उठले. आधी त्यांनी माईक ठोकला. तो बंद होता. शेजाऱ्यांनी चालू करून दिला. मग तो चालू झालाय का हे पाहायला त्यांनी पुन्हा ठोकला, आणि सभागृहातले झोपलेले चौघे जागे झाले.

"साहेब, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खांब आहे."

"बरं."

"तो तुमच्या ९६ टक्क्यांत येतो की ४ टक्क्यांत?"

मला वाटलं, विनोद आहे. मी हसलो. ते हसले नाहीत.

"टक्केवारी एकूण दिव्यांची असते," मी म्हणालो. "एकेका खांबाची नसते."

"म्हणजे खांबाशिवाय टक्के असतात?"

"तसं नाही. दिवा बंद असेल तर तो ४ टक्क्यांत."

"असेल तर? असेल तर म्हणजे काय?" ते पीठासीन अधिकाऱ्यांकडे वळले. "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा. साहेबांना हजारो दिव्यांची माहिती आहे, फक्त एका दिव्याची नाही. आणि मी नेमका त्या एकाखाली राहतो."

तो हरकतीचा मुद्दा नव्हता. हरकतीचा मुद्दा सभाकामकाजाच्या नियमांवर घ्यायचा असतो, अंधारावर नाही. पण हे सांगायला गेलो असतो तर त्यावरही हरकत आली असती. तेवढ्यात डावीकडचे एक सदस्य उठले. "आमच्याकडचा दिवा दिवसा चालू आणि रात्री बंद असतो. तो कशात धरला?" पाठीमागून आवाज आला, "दोन्हीत धरा, सरासरी बरोबर येते!" हशा झाला. अशा वेळी इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं लिहितात.

दिवसा जळणाऱ्या दिव्यांचं उत्तर खरं तर माझ्याकडे होतं, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही. शिडीची गाडी रात्री फिरवत नाहीत. दुरुस्ती दिवसा होते आणि कुठला दिवा गेलाय हे कळायला आख्खी लाइन चालू करावी लागते. म्हणजे दिवसा जळणारी रांग हे बऱ्याचदा उधळपट्टीचं नव्हे, दुरुस्तीचं लक्षण असतं. ती सलग चार दिवस जळत राहिली तर मात्र टायमर किंवा उजेड ओळखून दिवे बंद करणारा फोटोसेल बिघडलाय, तेव्हा जरूर ओरडा. एलईडी दिव्यात दिवा सहसा जात नाही, त्याला वीज पुरवणारा भाग, म्हणजे ड्रायव्हर, जातो. व्होल्टेज उसळलं किंवा न्यूट्रल ढिला असला की तो जळतो, आणि न्यूट्रल तसाच ठेवून नवा बसवला की महिन्याभरात तोही जळतो. मग 'कालच बसवलेला दिवा आज बंद' अशी तक्रार येते, आणि ठेकेदार, दिवा बनवणारा आणि आम्ही असे तिघं एकमेकांकडे बघत बसतो. रस्त्यावरचे दिवे आळीपाळीने तीन फेजवर वाटलेले असतात. एक फेज गेली की दर तिसरा दिवा विझतो. तक्रार मात्र प्रत्येक जण आपल्या दारातल्या एका दिव्याची करतो. आम्हीही एकेक दिवा बदलत सुटतो, आणि बिघाड बसलेला असतो चौकातल्या पेटीत.

पण ज्येष्ठ सदस्यांना फेजमध्ये रस नव्हता. त्यांना वर्गवारी हवी होती.

"साहेब, ते ९६ काढलं कसं, तेवढं सांगा."

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. कारण तो बरोबर होता.

९६ असं काढतात : नोंदवहीतले एकूण दिवे घ्यायचे, त्यातून प्रलंबित तक्रारी वजा करायच्या, उरतील ते 'सुरू'. म्हणजे ज्या दिव्याची तक्रार कुणी केली नाही, तो कागदावर लख्ख जळत असतो. रात्री गाडी काढून खांब मोजत फिरणं हा दुसरा मार्ग आहे. त्याला माणसं लागतात, डिझेल लागतं, आणि त्यातून येणारा आकडा सभेत वाचायला जड जातो. हे मी थोड्या सभ्य भाषेत सांगितलं. सभागृह क्षणभर गप्प झालं. ते गप्प झालेलं सभागृह मला मुळीच आवडलं नाही.

"म्हणजे," ते शांतपणे म्हणाले, "मी तक्रार केली नाही म्हणून माझा दिवा चालू आहे."

आता इथे, उगाच माझ्यावर एकट्यावर येऊ नये म्हणून सांगतो, की अख्खा अहवाल याच मातीचा असतो. पाण्याचं पान घ्या. पाणी किती उपसलं हे बऱ्याच ठिकाणी मीटर सांगत नाही, पंप किती तास चालला यावरून ठरवतात. पंपाच्या पाटीवर ताशी १०० घनमीटर लिहिलंय, पंप २० तास चालला, म्हणजे २,००० घनमीटर, २० लाख लिटर. पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं चाक, झिजलाय, तो पाटी वाचत नाही, हे हिशेबात येत नाही. मग या २० लाखांना लोकसंख्येने भागायचं. कुठल्या? २०११ च्या. कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ साली समजा १४,००० माणसं होती, तर माणशी १४३ लिटर. भूमिगत गटार असलेल्या शहराचं मानक १३५. वा! मानकाच्या वर! आज तिथे २०,००० राहत असतील तर तोच आकडा १०० वर येतो. त्यात गळती धरलेलीच नाही. केंद्राच्या सेवास्तर मानकांत हिशेबाबाहेरचं पाणी २० टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. ते नेमकं किती जातं हे कळायला दोन्ही टोकांना मीटर लागतो, आणि आमच्याकडे एकाही टोकाला नाही. कागदावर न जन्मलेली ६,००० माणसं पाणी पीत नाहीत, एवढाच काय तो या पद्धतीचा फायदा.

कचऱ्याचं तर पावसाळ्यात बघू नका. वजनकाट्यावर गाडी चढते तेव्हा कचऱ्याबरोबर पावसाचंही वजन होतं, आणि जुलैत 'संकलनात लक्षणीय वाढ' असं वाक्य अहवालात येतं. काटा बंद असला की फेऱ्या गुणिले गाडीची क्षमता. अर्धी भरलेली घंटागाडी त्या गणितात कधीच नसते. नियमांप्रमाणे ओला, सुका वगैरे कचरा वेगवेगळा द्यायचा. 'वर्गीकरण ८० टक्के' असं वाचलंत तर विचारा, कुठे मोजलं? दारात, गाडीत की डेपोवर? दारात वेगळा दिलेला कचरा गाडीचा मधला पत्रा तुटलेला असला की चौकापर्यंत पुन्हा एकत्र नांदायला लागतो.

आणि 'तक्रारी निकाली'. हे माझं सर्वांत नावडतं पान, आणि ते मीच लिहितो. निकाली म्हणजे सुटली असं नाही. 'सदर बाब या विभागाशी संबंधित नाही' असा शेरा मारला की तक्रार निकाली. नागरिक पुन्हा टाकतो, ती नवी तक्रार. तीही निकाली. एकाच फुटलेल्या चेंबरवर एका विभागाची कामगिरी महिनाभर सुधारत जाऊ शकते.

हा अहवाल जमतो कसा, तेही एकदा कुणी अवलोकन करावं. सभेची नोटीस सात दिवस आधी काढायची, विषयपत्रिकेसोबत टिपण जोडायचं, म्हणजे आकडे त्याच्याही आठवडाभर आधीचे. सभेच्या दिवशी ते शिळेच असतात. म्हणून पहिल्याच पानावर 'अमुक तारखेअखेर' लिहायचं असतं. ते आम्ही शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात लिहितो. पाणीपुरवठ्याची माहिती येते कागदाच्या फोटोत, वाकडी, कोपऱ्यात अंगठ्यासकट. आरोग्य विभागाची येते श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये. ती दुसऱ्या संगणकावर उघडली की 'घनकचरा'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा खराखुरा घनकचरा दिसतो. कर विभाग वसुलीची टक्केवारी एकदा चालू मागणीवर काढतो, एकदा थकबाकीसह एकूण मागणीवर. ज्या सभेला जी बरी दिसेल ती. मागच्या सभेतली आणि या सभेतली टक्केवारी शेजारी ठेवली तर शहर एका तिमाहीत श्रीमंत आणि पुढच्या तिमाहीत भिकेला लागलेलं दिसतं.

सगळ्यांत सुखाचा काळ प्रशासकाचा होता. २०२२ च्या सुमारास राज्यातल्या अनेक महापालिका-नगरपालिकांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका काही होईनात. तेव्हा प्रशासनाने अहवाल मांडायचा आणि प्रशासकाने तो स्वीकारायचा. बऱ्याच ठिकाणी ही दोन्ही माणसं एकच. माणूस टेबलाच्या या बाजूला बसून सादर करतो, त्या बाजूला जाऊन अवलोकन करतो, पुन्हा या बाजूला येऊन आभार मानतो. खांब कुणी विचारत नाही. खरं सांगू? त्या काळात अहवाल मी जास्त घाईने आणि जास्त वाईट लिहिले.

असो. खांबाकडे परत. अध्यक्षांनी वायरमनला नोंदवहीसकट बोलावून घेतलं. तो आला, त्याने वही टेबलावर आपटली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. प्रभाग. गल्ली. खांबावर रंगवलेला क्रमांक. ज्येष्ठ सदस्य क्रमांक सांगेनात, कारण त्या खांबावर क्रमांकच नव्हता. वायरमन वहीतून वर न बघता म्हणाला, "साहेब, हा खांब आपला नाहीच."

तो खांब एका खासगी ले-आउटमधला निघाला. विकासकाने रस्ता केला, गटार केली, खांब रोवले, प्लॉट विकले आणि निघून गेला. नगरपरिषदेकडे हस्तांतरण झालंच नाही. हस्तांतरण नाही म्हणून खांब नोंदवहीत नाही, नोंदवहीत नाही म्हणून त्याचं बिल आम्ही भरत नाही, बिल नाही म्हणून त्यात वीज नाही. तिथे राहणारे कर मात्र भरतात, कारण करआकारणीच्या वहीत त्यांची घरं पहिल्या वर्षीच चढली. त्या वहीला हस्तांतरण लागत नाही.

"म्हणजे," मी सुटकेचा श्वास टाकत म्हणालो, "तो ९६ मध्येही नाही आणि ४ मध्येही नाही."

"म्हणजे आमचा खांब १०० टक्क्यांच्या बाहेर आहे."

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

आणि ते खूश झाले! मला राग आला तो याचा. भांडले असते तर चाललं असतं. त्यांनी सभागृहाकडे वळून, एखादा मान मिळाल्यासारखं, "ऐकलंत ना? बाहेर!" असं म्हटलं आणि माईक बंद करून बसले. चाळीस मिनिटं संपली होती. मी पान १० उलटलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि "बाकी अहवाल वाचला असे समजण्यात यावे" म्हणून पुढचा विषय पुकारला. सभा संपल्यावर अहवालाच्या निम्म्या प्रती बाकांवर तशाच होत्या. एक प्रत डगमगणाऱ्या बाकाच्या पायाखाली घातलेली सापडली. तो बाक आता हलत नाही. ४२ पानांची जाडी त्याला बरोबर बसली.

पान ३१ वर अग्निशमन गाडीचा पंप दाब धरत नाही आणि सुट्या भागाला मंजुरी हवी, असं लिहिलं होतं. सभागृहाने निर्णय घ्यावा अशी अहवालातली ती एकमेव ओळ होती. ती मी ३१ व्या पानावर का ठेवली, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर असं : मागच्या अहवालात ती ३१ व्या पानावर होती, म्हणून या अहवालातही ३१ व्या पानावर. निर्णय हवा असलेल्या बाबी पहिल्या पानावर घ्याव्यात, त्याखाली प्रभागवार तक्ता द्यावा, मागच्या सभेपासून काय बदललं आणि काय राहिलं ते दोन ओळींत, आणि बाकीचं परिशिष्टात. एका पानाचा ऐवज आहे. पण एका पानाचा अहवाल दिला की 'प्रशासनाने काहीच काम केलेलं नाही' असा अर्थ निघतो, म्हणून ४२.

काल इतिवृत्ताचा मसुदा आला. 'विषय क्र. १४ वर सविस्तर चर्चा होऊन अहवालाची नोंद घेण्यात आली. खांबाबाबत पुढील सभेत स्वतंत्र अहवाल सादर करावा.' पंपाचा उल्लेख नाही.

तर आता खांबाचा अहवाल करतोय. हस्तांतरण व्हायचं तेव्हा होईल, तूर्त खांब नोंदवहीत घेऊ, असं ठरलंय. हिशेब करून पाहिला. सोयीसाठी ५,००० दिवे धरा, २०० बंद, म्हणजे ९६ टक्के. हा एक बंद खांब मिळवला की ५,००१ पैकी ४,८०० चालू. एक दशांश लिहिलं तर पुन्हा ९६.० च येतं, आणि ते उठून विचारणार की मग आमचा खांब घेतला कुठे. दोन दशांश लिहिले तर ९५.९८. त्यावर ते विचारणार, मधले ०.०२ कुठे गेले?

ते त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आहेत. विझलेले.