220 वजा वय, दोन महिने आराम आणि 20 टक्क्यांचं टार्गेट: त्या मेसेजला उत्तर

मुंबई मॅरेथॉन झाली की जानेवारीअखेर तोच मेसेज फिरायला लागतो, यंदा मला तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: सीझन संपला, आता दोन महिने पूर्ण आराम करा, टेस्ट वगैरे प्रो लोकांसाठी असतात, नंतर 220 मधून वय वजा करून (तो हृदयाच्या ठोक्यांचा मॅक्स धरून) झोन, म्हणजे ट्रेनिंगच्या जोराचे टप्पे, काढा आणि पुढच्या सीझनला सगळ्यांनी एकच टार्गेट ठेवा, सायकल चालवत असाल तर एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर, 20 टक्के वाढवा, रनर असाल तर आठवड्याचे किलोमीटर दुप्पट करा. नवीन पोरं हे खरं धरून चालतात म्हणून बसून लिहितोय.

आधी आराम. हाफ मॅरेथॉन (21 किलोमीटर) पळाला असाल तर आठ-दहा दिवस, फुल (42 किलोमीटर) असेल तर दोन-तीन आठवडे निवांत घ्या, घ्यायलाच हवेत. पण दोन महिने शून्य? 1984 साली एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी चांगल्या तयारीच्या खेळाडूंचं ट्रेनिंग बंद करून मोजलं होतं, पहिल्या तीन आठवड्यांतच व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) सुमारे 7 टक्के उतरलं आणि आठ आठवड्यांत 16 टक्क्यांच्या आसपास गेलं. वर्षभर घाम गाळून मिळवलेलं असं घालवू नका, आठवड्यातून तीनदा हलकं पळा, सायकल चालवा.

220 वजा वय हे सरासरीचं गणित आहे, एकेका माणसात 10-12 ठोके इकडे-तिकडे सहज निघतात. माझं वय 45, म्हणजे मॅक्स 175 धरायचा, आणि बोपदेव घाटाच्या शेवटच्या चढाला माझ्या छातीला बांधायच्या हार्ट रेट पट्ट्यावर 186 दिसलेत. त्या हिशोबाने झोन लावून मी दोन वर्षं सगळंच फार हळू करत होतो. त्यापेक्षा अर्धा तास एकट्याने, सलग, जमेल तितक्या जोरात पळा आणि शेवटच्या 20 मिनिटांचा सरासरी हार्ट रेट घ्या, तो तुमचा थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकवता येणाऱ्या जोराची वरची हद्द, झोन त्यावरून लावा. (छातीत दुखणं, चक्कर असलं काही असेल तर आधी डॉक्टर, मग टेस्ट.)

आता मुख्य मुद्दा, सगळ्यांना एकच टार्गेट. टेस्टचा आकडा म्हणजे मार्क नव्हेत, कुठे कमी पडतोय ते त्यातून कळतं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ट्रॅकवर साडेबारा राउंड मारून 5 किलोमीटर 24 मिनिटांत काढले. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याचा अंदाज देणाऱ्या रीगलच्या सूत्राने, म्हणजे अंतराच्या पटीचा 1.06 वा घात घेऊन, त्याची हाफ 1 तास 50 मिनिटांच्या आसपास यायला हवी. आली 2 तास 8 मिनिटं, 15 व्या किलोमीटरनंतर पाय जड झाले म्हणाला. याला स्पीड वाढवायची गरजच नाही, याचं टार्गेट म्हणजे लाँग रन हळूहळू लांबवत नेणं आणि 15 नंतरही पेस टिकवणं. किलोमीटर एकदम दुप्पट केले असते तर नडगी धरून बसला असता.

सायकलचंही तसंच. 20 मिनिटांच्या टेस्टची सरासरी पॉवर गुणिले 0.95, हा झाला एफटीपीचा अंदाज, पण त्यासोबत वेगळ्या दिवशी 5 मिनिटांचीही टेस्ट करा. दोघांचा एफटीपी 200 वॅट आहे समजा, एकाची 5 मिनिटांची पॉवर 230 आणि दुसऱ्याची 270. पहिल्याचं छप्परच खाली आहे, त्याला 3 ते 5 मिनिटांचे जोरदार इंटरव्हल हवेत, दुसऱ्याला वर जागा आहे पण टिकवता येत नाही, त्याला 15-20 मिनिटांचे थ्रेशोल्डचे सेट. दोघांना 240 चं टार्गेट देऊन काय साधणार? आणि वर्षानुवर्षं चालवणाऱ्याला 20 टक्के एका ऑफ-सीझनमध्ये मिळत नाहीत, 10 वॅट मिळाले तरी भरपूर.

एक राहिलंच, टेस्ट दर वेळी सारख्याच परिस्थितीत करा. फेब्रुवारीत सकाळी सहाला केलेली टेस्ट आणि एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचला केलेली यांची तुलना करू नका, उकाड्यात त्याच पेसला हार्ट रेट वर जातो आणि माणूस उगाच खचतो. घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) करत असाल तर समोर पंखा, तोच पॉवर मीटर, आणि दोन-चार वॅट वर-खाली झाले तर त्याचा काही अर्थ काढू नका. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा.

ज्यांना 5 किलोमीटरची टेस्ट करायचीय त्यांनी येत्या रविवारी सकाळी सहाला ट्रॅकवर यावं, स्टॉपवॉच घेऊन मी उभा राहतो.