मनालीजवळच्या सेथन ते प्रीणी हिवाळी सायकल राइडच्या एक-स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

गुडघ्याची सूज एव्हाना उतरली असेल अशी आशा आहे. तुमचा रिव्ह्यू दुकानात आम्ही सगळ्यांनी वाचला. तुमचं म्हणणं असं: गिअर निम्म्या वाटेत अडकले, टायर चक्क बसलेले होते, ब्रेक किंचाळत होते, स्वतःचे क्लिप पेडल (ज्यात बूट अडकतो ते) लावू दिले नाहीत, आणि आठची राइड अकराला सुरू करून साडेतीनला गुंडाळली. यातली गिअरची तक्रार पूर्ण खरी आहे, म्हणून आधी तीच घेतो.

ती सायकल आदल्या संध्याकाळी धुतली, वरवर पुसली आणि रात्री पडवीत ठेवली. गिअरच्या केबलवर जे बाहेरचं आवरण असतं त्याचा सगळ्यात खोल बाक मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागापाशी येतो. आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं आणि रात्रीत गोठतं. अशा सायकलची खूण तुम्हीच लिहिली आहे: गिअर मोठ्या चकतीवर चढला आणि खाली उतरेना. चढवताना केबल तुमच्या अंगठ्याच्या जोराने ओढली जाते, तेवढा जोर बर्फाला पुरून उरतो. उतरवताना मात्र काम डिरेलरच्या स्प्रिंगवर असतं, आणि तिची ताकद आतल्या गोठलेल्या पाण्यापुढे अपुरी पडते. त्यावर आमच्या गाइडने थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. दहा मिनिटं गिअर चालले आणि पुन्हा गोठले, कारण आत आणखी पाणीच गेलं होतं. म्हणजे चूक दुहेरी. अशा वेळी तो बाक हाताच्या उबेत धरायचा, मग केबल सैल करून आवरण खोबणीतून बाहेर काढायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडून केबल पुढेमागे सरकवायची आणि वर पातळ तेलाचा थेंब द्यायचा. अल्कोहोलची छोटी बाटली आता प्रत्येक गाइडच्या पाउचमध्ये आहे. डिसेंबर ते मार्च सायकली ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसतो. धुवायलाच लागली तर दुपारी बाराच्या आत, उन्हात, आणि सगळी केबल आवरणं सुटी करून.

सायकलचं भाडं 1,200 रुपये तुम्हाला परत करत आहोत. जीप आणि गाइडचे पैसे मात्र परत करणार नाही, ते का ते पुढे कळेल.

टायरबद्दल. तुमच्या सायकलला 29 इंची, 2.35 रुंदीचे, खिळ्यांचे ट्यूबलेस टायर होते. साधारण 75 किलोच्या स्वारासाठी आम्ही पुढे 16 आणि मागे 18 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो. पुण्यात वेताळ टेकडीवर 25-28 भरणाऱ्याला हे बसलेलंच वाटणार, त्यात तुमचा दोष नाही. पण चेपलेल्या बर्फावर टायरने पसरायला हवं. टंगस्टन कार्बाइडचे खिळे मधल्या ओळींत असतात तसे कडेलाही असतात. टायर टणक झाला की फक्त मधल्या ओळी टेकतात, आणि वळणावर सायकल कलते तेव्हा कडेचे खिळे जेमतेम टोकावर येतात. तुम्ही सेथनला जीपमधल्या पंपाने दोन्ही टायर 30 वर नेले आणि दुसऱ्या वळणावर पुढचं चाक निसटलं, असं तुमच्याच रिव्ह्यूत आहे. गाइडने तिथे तुम्हाला अडवायला हवं होतं, नुसतं ‘सर, कम ही रखिए’ म्हणून सोडून द्यायला नको होतं. ते त्याच्याशी बोललो आहोत.

आकडे ठरवतानाही थोडं गणित असतं. दुकानात 15 अंशांना 22 भरले आणि सायकल उणे 5 मध्ये नेली तर नुसत्या थंडीने साधारण सव्वादोन पीएसआय उतरतात. प्रीणीपासून सेथनपर्यंत सुमारे 700 मीटर चढताना बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून त्यातला जेमतेम एक परत मिळतो. हा घोळ टाळण्यासाठी सायकली तासभर बाहेर ठेवून मग डिजिटल गेजने हवा लावतो. पुढच्या सस्पेन्शनचंही तसंच. 70 पीएसआय भरलेला फोर्क एवढ्याच फरकाने 64 च्या आसपास येतो, आणि आतलं तेल घट्ट झाल्याने तो दबल्यावर सावकाश वर येतो. म्हणून रीबाउंड, म्हणजे फोर्क किती वेगाने वर येतो ते ठरवणारी खुंटी, दोन-तीन क्लिक उघडी ठेवतो. तुम्हाला फोर्क ‘मेल्यासारखा’ वाटला त्यामागे बहुधा हेच असावं. थंडीत तो उन्हाळ्याइतका लवचिक होत नाही, कितीही क्लिक फिरवले तरी.

एक सावधगिरी: नवे खिळ्यांचे टायर घेतलेत तर पहिले 40-50 किलोमीटर डांबरावर सावकाश, जोराचा ब्रेक न मारता चालवा. खिळे रबरात नीट बसतात, नाहीतर उडतात. आणि उघड्या, गुळगुळीत कातळावर हेच खिळे उलट घसरतात.

ब्रेक. किंचाळतात, खरं आहे. हिवाळ्यात आम्ही रेझिनऐवजी सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-तापवून केलेले पॅड लावतो. ओल्या डिस्कवर ते केकाटतात, पण वितळणाऱ्या बर्फाच्या रबडीत रेझिनचे पॅड फार लवकर झिजतात, आणि पत्र्यापर्यंत आले की ब्रेक उरत नाही. आवाज नको असेल तर उतार सुरू होण्याआधी सपाटीवर दोन-तीन वेळा दहा-दहा सेकंद ब्रेक हलका धरून पेडल मारा. डिस्क कोरडी आणि कोमट होते, आवाज बराच कमी होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेक कुठे मारायचा हे. ब्लॅक आइसच्या, म्हणजे पातळ पारदर्शक बर्फाच्या पट्ट्यावर ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही, पेडलवर जोर नाही. वेग आधीच्या भुरभुरीत बर्फावर कमी करायचा, पट्टा सरळ रेषेत ओलांडायचा, वजन मधोमध ठेवून.

क्लिप पेडलचा नकार बदलणार नाही. बुटाखालच्या क्लीटमध्ये, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या धातूच्या तुकड्यात, बर्फ ठासून बसतो, मग बूट एकतर अडकत नाही किंवा अडकला तर सुटत नाही. शिवाय तो धातूचा तुकडा तळव्याची ऊब खेचून नेतो. पिनांचे फ्लॅट पेडल आणि घोट्याच्या वर येणारे ट्रेकिंगचे बूट, एवढं पुरतं. दोन जाड मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की रक्त फिरत नाही आणि बोटं उलट लवकर बधिर होतात. पाण्याच्या बॅगेची नळी गोठल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. प्यायल्यावर नळीत फुंकर मारून पाणी मागे ढकलायचं, हे निघतानाच सांगायला हवं होतं. बाटली असेल तर उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं.

आता वेळ. सेथनचा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पूर्वेच्या धारेमागे असतं, त्यामुळे आठ वाजता ती पायवाट रात्रीच्या काचेसारखीच असते. अकराच्या सुमारास उघड्या जागी वरचा थर मऊ होतो आणि टायर धरू लागतो. देवदारांच्या सावलीत आणि नाल्यांत बर्फ दिवसभर सुटत नाही, तिथे गाइड उतरून चालायला लावतो. दुपारी वितळलेलं पाणी ऊन कलताच पुन्हा गोठू लागतं, आणि तो थर सकाळच्यापेक्षा वाईट, कारण तो पातळ आणि पारदर्शक असतो, खालची वाट ओली असल्यासारखी दिसते. म्हणून साडेतीनला प्रीणीत पोचायचं. तुमचा गुडघा दुखावल्यावर खालचा नाल्यातला टप्पा सोडून गाइडने रस्ता धरला, तो निर्णय आम्हाला बरोबर वाटतो. उशिरा निघणं आणि लवकर थांबणं बर्फामुळेच होतं, म्हणून जीप आणि गाइडचे पैसे परत करत नाही. मात्र बुकिंगच्या पानावर ‘सकाळी 8’ असं छापलेलं होतं. ती जीपची वेळ होती, राइडची नव्हे, आणि राइड सुरू होईपर्यंत तुमचे तीन तास गेले. पान दुरुस्त केलं आहे.

भाडं ज्या खात्यावरून आलं त्याच खात्यावर दोन दिवसांत जमा होईल. हीच वाट सलग, न उतरता चालवायची असेल तर ऑक्टोबरमध्ये या. तेव्हा माती कोरडी असते, खिळे लागत नाहीत आणि टायरमध्ये 24 भरले तरी आमची हरकत नसते.

दुकानातर्फे,
मनाली