साडी भाजून आरओ होत नाही

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. जुनी साडी, धोतर, कोणतंही कापड पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करा, तासभर चुलीत ठेवा, निघेल तो कंपन्यांचा महागडा ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे वास-रंग धरून ठेवणारा बारीक छिद्रांचा कोळसा. त्यातून बोअरचं पाणी गाळलं की जंतू मरतात, क्षार जातात. उन्हात वाळवलं की फिल्टर पुन्हा नवा.

यातलं खरं ते आधी सांगतो. कापडापासून असा कार्बन बनतो. ब्रिटनमध्ये पोर्टन डाउनच्या लष्करी संशोधन केंद्रात 1970च्या दशकात व्हिस्कोज रेयॉनपासून, म्हणजे सेल्युलोज या वनस्पतीतल्या पदार्थाच्या धाग्यापासून तो बनवला गेला, विषारी वायूपासून वाचवणाऱ्या पोशाखांसाठी. आपला कापूसही सेल्युलोजच, त्यामुळे सुती कापडही चालतं.

गाडी अडते ती चुलीपाशी. डब्यात कापडाचा कोळसा होतो, पण त्याची छिद्रं डांबरानं बुजलेली राहतात. ती मोकळी करायला हवा न लागू देता 800-900 अंशांवर वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. वाफ थोडा कार्बन खाते आणि धाग्यात 2 नॅनोमीटरहून बारीक छिद्रं कोरते. मग एका ग्रॅमचं आतलं क्षेत्रफळ 1000 चौरस मीटर किंवा जास्त भरतं. म्हणजे चिमूटभर काळ्या धाग्यात 10 गुंठे जमीन! सगळा खेळ या गुंठ्यांचा आहे. आणि त्यात माल घटतो: किलोभर सुतीतून 200 ग्रॅम हाती आला तरी बरंच.

मी जुन्या धोतराचा तुकडा भाजून पाहिला. दिसायला झकास, बोट लावलं की चुरा. ठिणगी मात्र लगेच धरतो. चकमकीच्या काळात आजोबांना उपयोगी पडला असता.

डबा घट्ट बंद करू नका. आत पेटणारा वायू साचतो, झाकण उडतं. एक बारीक भोक हवंच.

‘कोणतंही कापड’ हे तर धोक्याचं. पॉलिस्टर 250-260 अंशांना वितळतं, टेरिकॉटचा गोळा होतो. ॲक्रिलिक स्वेटरमधून हायड्रोजन सायनाइड निघतो. कारखान्यात ॲक्रिलिकपासून कार्बन धागा करतात, पण आधी 200-300 अंशांवर हळूहळू तापवून, धूर बाहेर न सोडता.

उन्हाचं म्हणाल, तर काळं कापड वैशाखात तापून किती तापेल? धरलेली घाण सोडवायला शेकडो अंश लागतात.

जंतूंची गोष्ट उलटीच आहे. कार्बन त्यांना मारत नाही; ओल्या कार्बनवर ते वाढतात. शिवाय चांगला कार्बन नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो. आपल्याकडे नळ रोज येतो कुठे? चार-चार दिवस पाणी भरून ठेवायचं, तर टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरचा, तेवढाच आधार असतो. तो काढून साठवलेलं पाणी जास्त बिघडतं. गाळायचंच असेल तर पिण्याआधी गाळा आणि उकळा.

राहिले क्षार. कार्बन वास, रंग, काही कीटकनाशकं धरतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम पाण्यात विरघळलेले, ते आरपार जातात, अगदी कारखान्यातल्या अस्सल कार्बनमधूनही. पटत नसेल तर भाजलेलं कापड धुऊन त्यातून बोअरचं पाणी गाळा आणि दोन पातेल्यांत तुरीची डाळ लावा, एकात गाळलेलं, एकात तसंच. दोन्हीकडे डाळ सारखीच दडदडीत राहील.