दीडशेच्या आत

परवा रात्री आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ग्वाल्हेरच्या आतोबांनी विजेच्या बिलाचा फोटो टाकला. वर 'शुभ रात्री' नाही, खाली गुलाब नाही. एका आकड्याभोवती लाल पेनाने काढलेला गोल तेवढा: 152. पाच मिनिटांत तीन काकवांनी हात जोडले, एका मावसभावाने रडका चेहरा टाकला, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने मला वेगळा मेसेज केला, "तू काय करून आलास तिथे?"

काय केलं? गरम हवेचा ब्लोअर लावला. सहा दिवसांच्या मुक्कामात एकदा. एक तास.

जानेवारीत एका लग्नासाठी गेलो होतो. लग्न राहू दे, मुद्दा थंडीचा आहे. मी डोंबिवलीचा. आमच्याकडे पहाटे सतरा अंश झाले की माणसं कानटोपी घालून दूध आणायला निघतात आणि एकमेकांना "काय गारठा!" म्हणत खूश होतात. घरात भांडण झालंच तर पंखा एकवर ठेवायचा की दोनवर, यावरून. मी पोचलो त्या आठवड्यात ग्वाल्हेरला 'शीत दिवस' चालू होते. हा शब्द मला कुणा कवीचा वाटला होता, पण तो हवामान खात्याचा निघाला: किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली, आणि कमाल सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी. म्हणजे सूर्य येतो, सही करतो आणि रजेवर जातो. आत्या या थंडीला 'गलन' म्हणते. "थंडी नाहीये रे बेटा, गलन आहे," असं ती मला धीर द्यायला म्हणाली.

आत्याचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात. दौलतराव शिंद्यांनी 1810च्या सुमाराला इथे छावणी टाकली, ती कधी उठलीच नाही, तिचंच शहर झालं. घराच्या भिंती दगडी, हातभर जाड, छत चौदा फुटांवर आणि छताखाली झरोके. हा सगळा बंदोबस्त उन्हाळ्यातल्या 45 अंशांसाठी. मेमध्ये ते घर स्वर्ग असेल. जानेवारीत मात्र त्या भिंती डिसेंबरची थंडी व्याजासकट परत करतात. दुपारी घरात जेवढी ऊब असते त्याहून जास्त बाहेर असते, म्हणून अख्खं कुटुंब गच्चीवर राहायला जातं. मटार तिथेच सोलले जातात, पेपर तिथेच वाचला जातो, डुलकी तिथेच. खाली काही तापवायचं म्हटलं तर गरम हवा थेट चौदा फुटांवर. झरोक्यातली दोन कबुतरं त्या घरात सगळ्यांत सुखी होती.

आता 152चं प्रकरण. मध्य प्रदेशात एक सरकारी योजना आहे. महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत राहिला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. दीडशे ओलांडले की सवलत गेली. आतोबा हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. पेन्शन आहे, मुलगा टोरोंटोला आहे, पैशाची ददात नाही. पण दीडशे हे त्यांचं व्रत आहे. तीस दिवस, रोज पाच युनिटं. डिसेंबरात त्यांनी 147वर महिना काढला होता, आणि हे त्यांनी मला स्टेशनवर रिक्षात बसायच्या आत सांगितलं.

हॉलमध्ये एक दोन रॉडचा हीटर आहे. तो रोज संध्याकाळी सात ते साडेसात लागतो, त्यातला एकच रॉड. समोर पाण्याची वाटी, कारण हवा कोरडी होते. आणि मागची खिडकी सताड उघडी, कारण "हीटर ऑक्सिजन खातो". एक रॉड, एक वाटी, एक उघडी खिडकी आणि आम्ही तिघं असे बातम्या बघायचो. साडेसातला रॉड बंद, खिडकी बंद, आतोबा तृप्त.

"ऊब अंगात हवी," ते म्हणायचे. "खोलीत घेऊन काय करायची?"

अंगात ऊब भरायचं काम आत्याकडे. मुरैनाची गजक, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, आणि भाकरीवर तूप, तुपावर तूप. सहा दिवसांत तिने मला जेवढं तूप चारलं त्याच्या पैशांत ब्लोअर होळीपर्यंत चालला असता. पण तुपाला मीटर नाही.

रोज रात्री टोरोंटोहून आतेभावाचा व्हिडिओ कॉल यायचा. बाहेर उणे अठरा, मागे खिडकीत बर्फ, आणि हा गृहस्थ बनियनवर बसून आइस्क्रीम खातोय. मी रजईतून फक्त नाक बाहेर काढून बोलत होतो. मला म्हणाला, "दादा, लेयर्स घाल." बनियनवरचा माणूस मला लेयर्स शिकवतो!

ती रजईही सांगण्यासारखी होती. एकदा अंगावर घेतली की कूस बदलायला दुसऱ्याची मदत लागायची. आणि तरी आत पाय गार ते गारच. चौथ्या रात्री जागाच होतो तेव्हा मला निफाड आठवलं. निफाडला पारा घसरला की शेतकरी रात्रीचे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. आपण सख्खे भाचे, आणि आपल्यापेक्षा द्राक्षाची चौकशी जास्त, हे मनाला फार लागलं.

कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक ब्लोअर होता. मुलानेच कधीतरी आणून दिलेला, वरचं स्टिकरही काढलेलं नव्हतं. इस्त्रीसाठीचा पॉवर प्लग खोलीत होता. साडेदहाला मी तो लावला. पुढच्या तासाबद्दल मी एवढंच सांगेन की माझ्या पायाच्या बोटांची आणि माझी पुन्हा ओळख झाली.

साडेअकराला दारावर टकटक.

"झोपलास का?"

हा प्रश्न झोपलेल्या माणसाला विचारत नाहीत. मी उठलो. बाहेर आतोबा. माकडटोपी, दोन स्वेटर, वरून शाल, हातात वही. "जरा ये. एक गंमत दाखवतो."

मला ओसरीत नेलं. तिथे मीटर. मीटरवर पिवळा शंभराचा बल्ब, बल्बखाली खुर्ची, खुर्चीवर उशी. म्हणजे बैठक जुनी होती.

"हा लाल दिवा दिसतो?"

"दिसतो."

"किती वेळा लुकलुकतोय?"

"खूप."

"खूप हा आकडा नाही." त्यांनी मनगटावरचं घड्याळ बल्बाकडे धरलं. "मीटरवर काय लिहिलंय, वाच."

चष्मा खोलीत राहिला होता. डोळे बारीक करून वाचलं. 3200.

"म्हणजे हा दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. मी रोज अकरा ते बारा इथे असतो. त्या वेळी आपल्या घरात फक्त फ्रिज जागा. फ्रिजचे मिनिटाला आठ. वर्षभराची नोंद आहे." वही उघडून दाखवली. खरंच होती. 8, 8, 8, 9, 8. नवाच्या पुढे कंसात 'पाहुणे, दही'. "आज किती आले?"

"किती?"

"एकशे पंधरा. तीनदा मोजले." मग त्यांनी स्वतःचं मनगट धरलं. "माझी नाडी बहात्तर. मीटरची एकशे पंधरा. आता तू सांग, ताप कोणाला आहे?"

"आतोबा, मला थंडी वाजत होती."

"एकशे पंधरातून आठ गेले, एकशे सात. गुणिले साठ, भागिले 3200." डोळे मिटले, उघडले. "दोन किलोवॅट. इस्त्रीचा पॉइंट. बरोबर?"

एखाद्या खुनाचा तपास लागावा तसा त्यांचा चेहरा उजळला होता. मला तर वाटतं, गेली काही वर्षं ते या एका रात्रीची वाट बघत होते. मी पायात सपाता नसताना ओसरीच्या फरशीवर उभा, बाहेर सहा अंश. खोलीत ब्लोअर अजून चालूच होता, कबुतरांसाठी, आणि ते माझ्या लक्षात येईपर्यंत आतोबांनी आत जाऊन बटण बंद केलंही होतं.

मी वाद घातला. म्हटलं, सकाळी आंघोळीला गीझर पाऊण-एक युनिट खातो, ते कसं चालतं?

"आंघोळ हा संस्कार आहे."

"आणि ब्लोअर?"

"शौक."

इथे गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "या महिन्याचं बिल मी भरतो."

आत्या उठून बाहेर आली. पाहुण्याकडून पैसे? आपल्या घरात? आतोबा खुर्चीत बसले आणि मीटरकडे बघत राहिले. आम्ही काय धर्मशाळा चालवतो, असं ते त्या लाल दिव्याला म्हणाले. रात्री बाराला, अनवाणी, मी दोन वडीलधाऱ्यांची माफी मागितली. अपराध काय, तर थंडी वाजली.

दुसऱ्या रात्री समेट म्हणून आतोबा माझ्या खोलीत सिगडी घेऊन आले. कोळशांची, रसरशीत. पलंगाजवळ ठेवली, खिडकी लावली, झरोक्यात बोळा कोंबला. "ऊब बाहेर जायला नको. निवांत झोप."

इथे मात्र मला हसू येत नाही. विजेच्या हीटरमध्ये काही जळत नाही. तार तापते, बस. तो कुणाचा ऑक्सिजन खात नाही. जळतो तो कोळसा. बंद खोलीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. दर हिवाळ्यात तिकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते, सिगडी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही. आतोबा तो पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. आणि तरी हीटरला खिडकी उघडी, सिगडीला बंद! मी हे सांगितलं, आवाज थोडा चढवूनच. "आमच्या वडिलांनी साठ वर्षं लावली," ते म्हणाले. जे गेले त्यांचा मुलगा असं कुठून सांगणार?

मी सिगडी उचलून ओसरीत नेली. आतोबाही आले, उशी घेऊन. बल्ब लावला. त्या रात्री आम्ही दोघं मीटरखाली हात शेकत बसलो. काही बोलणं नाही. मधूनच ते घड्याळ बघायचे आणि समाधानाने म्हणायचे, "आठ."

हे सगळं मी विसरलो असतो, पण तो लाल गोल. 152. दोन युनिटं जास्त, म्हणजे बरोबर माझा एक तास. काल ऑफिसच्या वेळात मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. शंभर वॅटचा बल्ब त्या मीटरवर मिनिटाला पाच वेळा दिवा लुकलुकवतो. फ्रिजचे म्हणून वर्षभर वहीत लिहिलेले जे आठ, त्यांतले पाच आतोबांच्या डोक्यावरचे. रोज अकरा ते बारा, तीस दिवस, तीन युनिटं. 152 वजा 3.

हा हिशेब मी ग्रुपवर टाईप करून ठेवलाय. पाठवलेला नाही. येताना आत्याने दिलेल्या गजकेचा अर्धा डबा अजून शिल्लक आहे, तो आधी संपवतो.