मुजाच आग्रहाच

चौतीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर काढली. नागपुरातलंच एक सरकारी कार्यालय. नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की कागदांचा असा पूर यायचा, की ‘आवक’, तारीख आणि ‘तातडीचे’ असे एकेका कागदावर तीन-तीन शिक्के मारून संध्याकाळी चहाचा कप मला डाव्या हाताने धरावा लागायचा. माझ्या शिक्क्याचा आवाज साहेबांच्या केबिनपर्यंत जायचा. थड्! तेवढ्यावरून त्यांना कळायचं, की मी जागेवर आहे.

म्हणूनच नातवाची मुंज ठरली आणि सूनबाई म्हणाली, “पत्रिका घरीच करू या, शिक्के मारून,” तेव्हा सगळ्यांच्या आधी मी बाह्या वर केल्या. निमंत्रण व्हॉट्सॲपवर सगळ्यांना जाणारच होतं. पण प्रत्येक घराण्यात पन्नास-साठ माणसं अशी असतात, की त्यांच्या हातात पत्रिका पडली नाही तरी ती मुंजीला येतात, पोटभर जेवतात आणि पुढची वीस वर्षं ते ऐकवतात. अशी आमची मोजून साठ घरं निघाली. साठ म्हणजे माझा पूर्वीचा चहाच्या आधीचा कोटा.

सूनबाईने शिक्के ऑनलाइन मागवले. पाकीट उघडलं तर आत पोस्टकार्डाएवढी एक प्लॅस्टिकची शीट आणि तिला चिकटलेला मोर, एक कमळ, दोन वेलबुट्ट्या आणि कोपऱ्याची एक नक्षी. सगळं आरपार, जेलीसारखं. मी पाकीट उलटं करून झटकलं.

“दांडे पाठवलेच नाहीत. तक्रार करा.”

आमची नात सातवीत आहे. तिने माझ्याकडे नवीन लागलेल्या शिपायाकडे पाहावं तसं पाहिलं. “आबा, क्लिअर स्टॅम्पला दांडा नसतो. ॲक्रिलिकचा ठोकळा वेगळा घ्यावा लागतो.”

“आणि पॅड?”

“तोही वेगळा.”

शिक्के साडेतीनशेचे, ठोकळे आणि पॅड मिळून सातशेचे. घोड्यापेक्षा खोगीर दुप्पट.

खोटं कशाला बोलू, वस्तू मात्र हुशारीची आहे. शिक्क्याची मागची बाजू गुळगुळीत असते, ती ठोकळ्यावर टेकवली की डिंक-बिंक न लावता आपोआप धरते. काम झालं की सोलून काढायचा आणि त्याच ठोकळ्यावर दुसरा लावायचा. शिवाय ठोकळाही आरपार, शिक्काही आरपार, त्यामुळे कागदावर तो नेमका कुठे पडणार ते वरून दिसतं. आमचा सरकारी शिक्का आंधळा होता. तो कुठे पडला हे पडल्यावरच कळायचं, आणि साहेबांच्या सहीवर पडला की फारच लवकर कळायचं.

पहिला मोर मी उलटा चिकटवला. नक्षीची बाजू ठोकळ्याला, सपाट बाजू कागदाला. कागदावर वांग्याच्या आकाराचा एक निळा डाग उमटला. नात म्हणाली, “होतं असं.” दुसऱ्यांदा बाजू बरोबर होती, पण मी ठोकळा पॅडवर दाबला, घोळवला, कार्यालयात घोळवायचो तसाच. शाई मोराच्या पिसांच्या मधल्या खाचांत जाऊन बसली. मग हात वर नेला आणि चौतीस वर्षांचा अनुभव खाली आणला.

थड्!

गुळगुळीत ठोकळा घसरला. मोराला दोन तोंडं आली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मी पडलो.

“आबा, तुम्ही मारून राह्यले,” नात म्हणाली. “मारायचा नसतो तो. ठेवायचा असतो.”

मग तिने दाखवलं. शिक्का लावलेला ठोकळा टेबलावर उताणा ठेवायचा आणि पॅड हातात धरून शिक्क्यावर टपटप टेकवायचा. म्हणजे शिक्क्याने पॅडकडे जायचं नाही, पॅडने शिक्क्याकडे यायचं. माझी अख्खी नोकरी उलट्या दिशेने झाली होती. कागदाखाली काहीतरी मऊ हवं, तिने माऊसचा पॅड घेतला. ठोकळा सरळ खाली ठेवायचा, बोटांनी सगळीकडे सारखा दाबायचा, डोलवायचा नाही, आणि सरळ वर उचलायचा. आवाज? आवाज होतच नाही. या कामात कोणाला कळतही नाही, की तुम्ही जागेवर आहात.

तरीही पहिला ठसा पुरळ आल्यासारखा उमटला. हे शिक्के पॉलिमरचे, म्हणजे एक लवचीक प्लॅस्टिकच; ते कोरं असताना त्यावर कारखान्याचा थोडा ओशटपणा राहतो, त्यावर शाई पसरत नाही, थेंब-थेंब होऊन बसते. त्याला औषध शाळेतलं पांढरं खोडरबर. ते हलक्या हाताने फिरवलं, शिक्का धुतला आणि चौथा मोर असा उमटला की मी तो खिशात घालून कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत दाखवायला नेला.

आता अक्षरांचं बघायचं होतं. तयार शिक्क्यांत ‘हॅपी बर्थडे’ पाहिजे तेवढं मिळतं, ‘मुंजीचे आग्रहाचे निमंत्रण’ कोण करून ठेवणार? पण इथे मात्र मी माझ्या मुलखात होतो. सुभाषनगरहून मेट्रो धरली आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, उतरलो. तिथल्या एका गल्लीत शिक्केवाल्याचं दुकान आहे. पूर्वी तिथे छापखान्यातले अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावायचे, त्याचा साचा काढायचे आणि गरम दाबाखाली रबर शिजवायचे. दुकानात शिरलं की जळक्या टायरचा वास यायचा. आता वास नाही. मजकूर काँप्युटरवर लावतात, त्याची निगेटिव्ह काढून काचेवर ठेवतात, वर मधासारखं दाट पॉलिमर ओततात, त्यावर दुसरी काच. मग खालून अतिनील किरणांचा दिवा. निगेटिव्हमधून जिथे उजेड जातो तिथे पॉलिमर घट्ट होतं, बाकीचं पातळच राहतं आणि साबणाच्या पाण्यात ब्रशने धुऊन जातं. उरतात ती अक्षरं. मी तोंड उघडं ठेवून पाहत होतो.

“काकाजी, तुमच्या पोट्टीचे ते क्लिअर स्टॅम्प अन् आमचे शिक्के, माल एकच,” तो म्हणाला. “आमी दांड्यावर चिकटवून देतो, ते लोक तसेच इकते.”

“मग मलाही तसाच दे. दांडा नको, मागे फिल्म नको.”

तर्रीशिवाय पोहे मागितल्यासारखं पाहिलं त्याने माझ्याकडे. पण दिला.

घरी आल्यावर नातीने शिक्का तपासला. (हल्ली सगळं तिच्यामार्फतच मंजूर होतं.) “छान आहे. फक्त भोवतीचा फालतू काठ कापून टाका आबा, नाहीतर त्याला शाई लागते आणि कागदावर रेघा उठतात.” एवढं सांगून ती पोहायला गेली.

कात्री घेतली. चष्मा घेतला नाही. फालतू काही ठेवायचं नाही हा माझा स्वभाव, म्हणून अगदी शिरोरेघेला लागून कापलं, कापड दुकानातला माणूस कापतो तसं, एका रेषेत. वर काहीच नव्हतं. म्हणजे मला काही दिसलं नाही. पारदर्शक वस्तू, शाई अजून लागलेली नाही, दुपारचे तीन. मग एका दमात अकरा पत्रिका छापल्या. टपटप, ठेव, दाब, उचल. आवाज नाही, घसरणं नाही. स्वतःवरच खूश होऊन त्या डायनिंग टेबलावर ओळीने मांडल्या.

बायकोने एक उचलली, लांब धरली, जवळ धरली.

“अहो, हे ‘मुजाच’ काय आहे?”

चष्मा लावला. अनुस्वार नाही. मात्रा नाही. वेलांटीची वरची कमान नाही; खाली नुसता तिचा खांब उभा. ‘मुजाच आग्रहाच’ इथपर्यंत तरी कोणी सांभाळून घेतलं असतं, पण ‘निमंत्रण’च्या आधी एक काठी एकटीच उभी होती, बस चुकलेल्या माणसासारखी. इंग्रजी असतं तर निभलं असतं. आपली भाषा अर्धी शिरोरेघेच्या वर राहते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

कापलेले तुकडे शोधायला गेलो. पारदर्शक वेलांट्या, मोझॅकची फरशी, आणि मधल्या वेळात मोलकरीण येऊन झाडून गेलेली. पुन्हा सुभाषनगर, पुन्हा बर्डी. “दांडा लावू काय आता?” शिक्केवाल्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

शिक्के साफ करण्यातही माझं शिक्षण आडवं आलं. कार्यालयात आम्ही शिक्का स्पिरिटने पुसायचो, नाहीतर घासलेटने. घरात रंगाऱ्याने ठेवलेला थिनर होता. त्या थिनरने मी कमळ पुसलं. कमळ मऊ पडलं, मग चिकट झालं आणि शेवटी त्याच्या पाकळ्यांनी एकमेकींना मिठी मारली. नात त्या दिवशी माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नाही. या शिक्क्यांना हातांचा साधा साबण आणि कोमट पाणी, एवढंच लागतं. लाल शाईचा गुलाबी डाग राहतो, तो राहू द्यायचा; त्याने ठशाचं काही बिघडत नाही. टिश्यू पेपरने पुसायचं नाही, कारण मागच्या बाजूला त्याचे धागे चिकटतात आणि शिक्का ठोकळ्यावरून सुटून पडायला लागतो. तसा सुटायला लागला तर पुन्हा साबणाने धुवायचा, पकड परत येते. आणि वाळवायचा सावलीत.

सावलीत, हे मला नंतर सांगितलं.

मे महिन्यात आमच्या गच्चीवर कुरडया, वड्या आणि साबुदाण्याचे पापड असतात. मी धुतलेले शिक्के एका ताटलीत घेऊन वर गेलो आणि पंचेचाळीस डिग्रीत वस्तू चटकन वाळेल अशा हिशेबाने पापडांच्या शेजारच्या प्लॅस्टिकवर ठेवून आलो. संध्याकाळी उचलले. एक कमी निघाला, कोपऱ्याच्या नक्षीचा. पाकिटात राहिला असेल म्हणून सोडून दिलं.

चौथ्या दिवशी बायको गच्चीवरून खाली आली.

“तीन दिवस झाले. हा एक पापड वाळूनच नाही राह्यला.”

आणि तिने तो माझ्यासमोर वाकवला. तो वाकला. ताणला. तो ताणला गेला, परत जागेवर आला. हळदीचा हात लागल्यासारखा पिवळसर झाला होता आणि त्याच्यावर सुरेख नक्षी होती. ज्या किरणांनी शिक्का घट्ट होतो, तीच किरणं उन्हातून लागत राहिली तर त्याला पिवळं करतात. पिवळा पडलेला शिक्काही छापतो, आमचा अजून छापतो. पण बायकोने त्या दिवशी सगळे पापड एकेक करून उजेडाकडे धरून पाहिले, आणि तळायचे दिवस आले तरी तिचा विश्वास काही बसलेला नाही.

यानंतर मी डेडस्टॉक रजिस्टर उघडलं. शिक्क्याचे नाव, कोणी नेला, कधी नेला, धुऊन परत आला का, शेरा. प्रत्येक शिक्का आपल्या मूळ शीटवर, शीट पाकिटात, पाकीट कपाटात, कपाट खिडकीपासून लांब. नातीने रजिस्टर पाहिलं आणि पहिल्यांदाच मला ‘व्वा आबा’ म्हणाली.

छपाईचा प्रश्न मात्र हवामानाने अडवून धरला. कूलर लावला की खोली गार होते, पण ओल्या वाऱ्याने कार्डशीट कानांसारखी वळते आणि शाई पसरते. मोराला कापसाचं पीस फुटतं. कूलर बंद केला की शिक्का मऊ, मी ओला, आणि नाकाच्या शेंड्यावरून पडलेला एक थेंब बरोब्बर ‘आग्रहाचे’वर. सूनबाईने सोनेरी पिगमेंट शाई आणून पाहिली. ती चकचकीत कागदावर दुसऱ्या दिवशीपर्यंत ओली राहिली आणि तीन पत्रिकांवर नवऱ्या मुलाच्या, म्हणजे बटूच्या, अंगठ्याचा ठसा आला. शेवटी ठरलं, पहाटे साडेपाच ते आठ, कूलर बंद, पंखा मंद, साधा जाडा कागद.

तरी शेवटच्या दिवशी उशीर झालाच. साडेनऊ वाजले होते, वीज गेलेली, एकोणीस पत्रिका बाकी. कोरड्या उन्हाळ्यात ही शाई शिक्क्यावर लावून कागदापर्यंत नेईस्तोवर वाळायला लागते. ‘निमंत्रण’चा ‘ण’ येईना. नातीने तीनदा करून पाहिलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पॅडही सुकत चाललेला, आणि आता बर्डीला कोण जाणार?

मी ठोकळा तिच्या हातातून घेतला. काही विचार केला नाही, हाताला आणि तोंडाला जी सवय होती तीच झाली. आमच्या कार्यालयात पॅडच्या शाईची मागणी मंजूर व्हायला दोन-दोन महिने लागायचे. तेवढे दिवस आम्ही जे करायचो तेच केलं. शिक्का तोंडाजवळ नेला आणि पोटातून, सावकाश, चष्म्याच्या काचेवर सोडतात तशी वाफ सोडली.

हाऽ.

मग ठेवला. मारला नाही, ठेवला. उचलला तर अनुस्वार, मात्रा, वेलांटी, ‘ण’, सगळे हजर.

पोट्टी पाहतच राहिली.

“हे कुठं शिकले आबा?”

“डिपार्टमेंटमध्ये.”

तिने पॅड टेकवला, ठोकळा माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, “करा हाऽ. अजून अठरा आहेत.”